टायट्रेशनचं रीडिंग जुळत नाही: आधी काय तपासायचं, कुठे थांबायचं

बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन (एका द्रावणाला दुसरं नेमकं किती मिली लागतं ते मोजणं) सुरू झालं की दर वर्षी त्याच तक्रारी येतात, आणि त्यामागची कारणंही बहुतेक तीच निघतात. ती इथे क्रमाने लिहितो आहे: फुकटातली आणि दोन मिनिटांतली तपासणी आधी, खर्चाची शेवटी. आकडे नेहमीच्या प्रयोगाचे धरले आहेत. पिपेटने (ठरावीक मापाची काचेची नळी) १० मिली ०.०५ मोलर (लिटरमागे ०.०५ मोल) ऑक्झॅलिक ॲसिड फ्लास्कमध्ये घ्यायचं, ब्युरेटमध्ये (मिलीच्या खुणा आणि खाली चावी असलेली उभी नळी) साधारण ०.०२ मोलर परमँगनेट. ऑक्झॅलिक ॲसिडच्या ५ मोलना परमँगनेटचे २ मोल लागतात, म्हणून परमँगनेट बरोबर ०.०२ मोलर असेल तर रीडिंग १०.० मिली यायला हवं.

लक्षणं

- तीन रीडिंग तीन दिशांना: ९.८, १०.४, १०.१.
- तिन्ही रीडिंग एकमेकांशी छान जुळतात, पण शेजारच्या टेबलापेक्षा अर्ध्या मिलीने वेगळी.
- पहिलं रीडिंग जास्त, पुढची दोन कमी.
- गुलाबी रंग येतो, फ्लास्क हलवला की जातो, पुन्हा येतो.
- फ्लास्कमध्ये गुलाबीऐवजी तपकिरी गढूळपणा.
- सगळ्या बॅचच्या जर्नलमध्ये १०.०, १०.०, १०.०. हेसुद्धा लक्षणच आहे, आणि माझ्या मते सगळ्यात काळजीचं.

तपासणीला लागण्याआधी एक ठरवा: रीडिंग विखुरली आहेत, की सगळी मिळून एका बाजूला सरकली आहेत? विखुरलेली असतील तर दोष हाताचा, डोळ्याचा किंवा अंत्यबिंदूचा (गुलाबी रंग टिकून अभिक्रिया पूर्ण झाल्याचं कळतं तो क्षण) असतो. एकत्र सरकलेली असतील तर दोष द्रावणात, तराजूत किंवा काचेच्या भांड्यात असतो. घड्याळ पाच मिनिटं पुढे असेल तर दहा वेळा बघून सरासरी काढली तरी ते पाच मिनिटं पुढेच राहतं. सरकलेल्या रीडिंगचं तसंच आहे. आणखी तीन रीडिंग घेऊन काही हाती लागत नाही, फक्त परमँगनेट संपतं.

१. खरंच बिघाड आहे का?

ब्युरेटवर सगळ्यात लहान घर ०.१ मिलीचं असतं. डोळ्याने त्याच्या अर्ध्यापर्यंत, म्हणजे ०.०५ मिलीपर्यंत वाचता येतं. वाचन दोनदा होतं, सुरुवातीचं आणि शेवटचं, त्यामुळे दोन्हीकडची चूक एकाच दिशेला गेली तर फरक ०.१ मिलीचा. शिवाय ब्युरेटच्या टोकातून पडणारा एक थेंबच साधारण ०.०५ मिलीचा असतो.

म्हणून १०.३, १०.३, १०.४ आलं तर काहीही बिघडलेलं नाही. सी.बी.आर. (जुळलेलं, स्थिर ब्युरेट रीडिंग) १०.३ लिहा आणि पुढे जा. १०.४ खोडून १०.३ करू नका. तो ०.१ मिलीचा फरक तुमची चूक नाही, ब्युरेटची मर्यादा आहे आणि ती जर्नलमध्ये दिसायलाच हवी. तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच मुलांचं काम इथेच संपतं.

फरक ०.२ मिलीच्या वर असेल तरच पुढे वाचा. पायलट रीडिंग मात्र या तुलनेत धरू नका. ते मुद्दाम भरभर घेतलेलं असतं, त्याचं काम एवढंच की अंत्यबिंदू कुठल्या मिलीच्या आसपास आहे ते कळावं.

२. डोळा कुठे आहे?

विखुरलेल्या रीडिंगचं सगळ्यात नेहमीचं कारण हे आहे आणि त्यावरचा उपाय फुकट आहे.

स्टँड टेबलावर, त्यावर ब्युरेट, खाली फ्लास्क आणि टाइलला जागा सोडलेली. अशा वेळी ब्युरेटचं शून्य बऱ्याच मुलामुलींच्या डोळ्यांच्या वर जातं. मग कोणी टाचा उंचावतं, कोणी मान वर करून खालूनच बघतं. शेवटचं रीडिंग दहा सेंटिमीटर खाली येतं, ते बरोबर डोळ्यांसमोर असतं. म्हणजे पहिलं वाचन खालून आणि दुसरं समोरून.

द्रावणाची पातळी नळीच्या मध्यावर असते आणि खुणा बाहेरच्या काचेवर. खालून बघितलं की नजर पातळीपर्यंत पोचताना काचेवरची खालची, म्हणजे मोठ्या आकड्याची खूण ओलांडते. पातळी शून्याच्या थोडी वर असतानाच ती शून्यावर आल्यासारखी वाटते. परिणामी ब्युरेटमधून प्रत्यक्षात जितकं द्रावण गेलं त्यापेक्षा कमी आकडा जर्नलमध्ये येतो. नेहमीच्या ५० मिलीच्या ब्युरेटवर ०.१ मिलीचं घर जेमतेम एक मिलिमीटरचं असतं, त्यामुळे मान जराशी वर-खाली झाली तरी एखाद-दुसरं घर सहज चुकतं.

दोन्ही वाचनांना चूक सारखीच झाली असती तर वजाबाकीत ती निघून गेली असती. ती वेगवेगळी होते म्हणून उरते, आणि दर वेळी वेगळी उरते म्हणून रीडिंग विखुरतात.

उपाय साधा आहे. वाचताना क्लॅम्प सैल करून ब्युरेट खाली घ्या, किंवा स्टँड क्षणभर स्टुलावर ठेवा. मागे पांढरा कागद धरा. ब्युरेटवर पूर्ण गोल फिरलेल्या खुणा असतील तर पुढची आणि मागची रेघ एकावर एक दिसेपर्यंत डोळा हलवा. दोन्ही रेघा एक झाल्या की नजर सरळ आहे. आणि शून्यापासूनच सुरुवात करायचा हट्ट सोडा. ०.७ पासून सुरू केलं तरी वजाबाकी तीच येते.

परमँगनेट गडद असतं, त्याच्या मेनिस्कसची (द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाची) खालची कड दिसत नाही, म्हणून वरची कड वाचायची. पण दोन्ही वेळा वरचीच. सुरुवातीला खालची कड अंदाजाने आणि शेवटी वरची, असं झालं तर मेनिस्कसच्या उंचीएवढी चूक सरळ उत्तरात जाते.

३. फनेल, बुडबुडा, लटकलेला थेंब

भरून झाल्यावर फनेल काढली का? तिच्या टोकातून मध्येच थेंब पडला तर पातळी वर येते आणि रीडिंग कमी भरतं.

चावीखालच्या टोकात हवेचा बुडबुडा आहे का? असेल तर तो पहिल्याच टायट्रेशनमध्ये निघून जातो आणि त्याची जागा भरायला गेलेलं परमँगनेट फ्लास्कमध्ये न पडता हिशेबात मात्र धरलं जातं. ‘पहिलं जास्त, पुढची दोन कमी’ या लक्षणाचं हे पहिलं कारण. चावी पूर्ण उघडून थोडं द्रावण बीकरमध्ये जोरात सोडा, बुडबुडा जातो.

टोकाला लटकलेला थेंब फ्लास्कच्या काचेला टेकवून घ्या आणि वॉश बॉटलने आत धुवा. डिस्टिल्ड वॉटर जास्त झालं म्हणून काही बिघडत नाही. फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड किती आहे याला महत्त्व, ते किती पाण्यात आहे याला नाही.

४. काय कशाने धुतलं?

ब्युरेट शेवटी परमँगनेटने धुवायची, पिपेट ऑक्झॅलिक ॲसिडने आणि फ्लास्क फक्त डिस्टिल्ड वॉटरने. हे पाठ सगळ्यांना असतं, गडबडीत उलटं होतं. उलटं झालं की रीडिंग कुठे सरकतं तेही लक्षात ठेवा, म्हणजे आकड्यावरून दोष ओळखता येतो.

ब्युरेटमध्ये पाणी राहिलं तर परमँगनेट पातळ होतं, रीडिंग वाढतं. पिपेटमध्ये पाणी राहिलं तर ऑक्झॅलिक ॲसिड कमी जातं, रीडिंग घटतं. फ्लास्क ऑक्झॅलिक ॲसिडनेच धुतला तर काचेला चिकटलेलं जास्तीचं ॲसिडही मोजलं जातं, रीडिंग वाढतं.

पिपेट रिकामी करताना टोक फ्लास्कच्या आतल्या बाजूला टेकवा, आपोआप उतरू द्या, साधारण १५ सेकंद थांबा. शेवटचा थेंब टोकात राहतो, तो फुंकायचा नाही. पिपेटवरची खूण तो थेंब वगळूनच आखलेली असते. एकदा फुंकला आणि एकदा नाही, तर रीडिंग विखुरणारच. पिपेट तोंडाने ओढू नका, बल्ब वापरा.

५. गरम किती, ॲसिड किती

ऑक्झॅलिक ॲसिड आणि परमँगनेटची अभिक्रिया थंडपणी फार सावकाश होते, म्हणून फ्लास्क ६० ते ७० अंशांपर्यंत तापवतात. कमी तापवला तर गुलाबी रंग अंत्यबिंदूच्या आधीच रेंगाळतो, मुलं थांबतात आणि रीडिंग कमी येतं. उकळवला तर ऑक्झॅलिक ॲसिडचं विघटन होतं, तेव्हाही रीडिंग कमीच. थर्मामीटर नसेल तर फ्लास्कच्या तोंडाशी वाफ दिसू लागली की उतरवायचा. तीन फ्लास्क एकदम तापवून एकेक टायट्रेट करणारे खूप जण असतात. त्यांचा तिसरा फ्लास्क तोवर कोमट झालेला असतो आणि तिसरं रीडिंग वेगळं का आलं ते त्यांना कळत नाही. एकेक तापवा.

पहिल्या एक-दोन थेंबांचा रंग गरम असूनही हळू जातो. घाबरू नका. अभिक्रियेत तयार होणारे मँगॅनीज आयनच पुढच्या अभिक्रियेला वेग देतात. तो रंग जाऊ द्या, मगच पुढचं सोडा.

तपकिरी गढूळपणा आला तर ॲसिड कमी पडलं, परमँगनेट फार भरभर सोडलं किंवा फ्लास्क पुरेसा गरम नव्हता. परमँगनेट पूर्ण न्यूनीकृत न होता मँगॅनीज डायऑक्साइडपाशी अडकलं, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त परमँगनेट खर्च झालं. ते रीडिंग वाचवायच्या भानगडीत पडू नका, फ्लास्क टाकून द्या. विरल सल्फ्युरिक ॲसिड १० मिलीच्या आसपास हवं, ते मेजरिंग सिलिंडरने घेतलं तरी चालतं, कारण ते हिशेबात येत नाही. मात्र हायड्रोक्लोरिक नको, परमँगनेट क्लोराइडवरही खर्च होतं. नायट्रिकही नको, ते स्वतःच ऑक्सिडीकारक आहे.

ऑक्झॅलिक ॲसिडऐवजी मोहर सॉल्ट (फेरस लोहाचं लवण) असेल तर तापवायचं नाही. फेरसचं हवेतच फेरिक होतं आणि गरम केलं की जास्तच.

६. अंत्यबिंदू सगळ्यांचा एकच आहे का?

फिका गुलाबी रंग ३० सेकंद टिकला की अंत्यबिंदू. गडद गुलाबी म्हणजे दोन-तीन थेंब जास्त, आणि तीन थेंब म्हणजे ०.१५ मिली. फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेवा. ती नसेल तर कोरा कागद चालेल. पहिल्या रीडिंगचा फ्लास्क रिकामा न करता रंग जुळवायला शेजारी ठेवा, पण फार वेळ नको, तो रंग हळूहळू उडतो. रीडिंग घेणारा आणि चावी धरणारा तिन्ही वेळा एकच असू द्या. जोडीदार बदलला की नजर बदलते.

७. चावी गळते का, काच तेलकट आहे का?

ब्युरेट पाण्याने भरा, टोक कोरडं पुसा, पातळी लिहा आणि दहा मिनिटांनी बघा. पातळी उतरली तर चावी गळते. काचेची चावी असेल तर काढून पुसा आणि व्हॅसलिनचा अगदी पातळ थर द्या, भोकाजवळ अजिबात नाही. टेफ्लॉनच्या चावीला व्हॅसलिन लागत नाही, तिची मागची चकती आवळली की पुरतं. रबरी नळी आणि चिमट्याची ब्युरेट परमँगनेटला वापरायचीच नाही, परमँगनेट रबर खातं.

पाणी सोडल्यावर आतल्या काचेवर थेंब चिकटून राहिले तर काच तेलकट आहे. डिटर्जंटने धुवा. तपकिरी डाग असतील तर ऑक्झॅलिक ॲसिडच्या कोमट द्रावणात थोडं विरल सल्फ्युरिक घालून त्याने जातात. जुन्या लॅबमध्ये यासाठी क्रोमिक ॲसिड वापरत असत. ते वापरू नका, त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे.

८. वजन

इथपर्यंत सगळं नीट असेल, रीडिंग एकमेकांशी जुळत असतील आणि तरी सगळी सरकलेली असतील, तर ब्युरेट सोडा आणि तराजूकडे जा. माझा अनुभव असा की सगळं लक्ष ब्युरेटच्या ०.१ मिलीवर असतं आणि मोठी चूक आधीच वजन करताना होऊन गेलेली असते.

०.०५ मोलर द्रावण १०० मिली करायला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं ०.६३ ग्रॅम (मोलर वस्तुमान १२६.०७, दोन पाण्याच्या रेणूंसकट). ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणाऱ्या तराजूवर ०.०१ ग्रॅमची शंका धरावीच लागते. ०.६३ मध्ये ०.०१ म्हणजे १.६ टक्के. ब्युरेटची ०.१ मिलीची शंका १० मिलीत १ टक्का. म्हणजे तराजू ब्युरेटपेक्षा जास्त शंका आणतो, आणि ती तिन्ही रीडिंगमध्ये सारखीच असते, म्हणून जर्नलमध्ये दिसतच नाही.

इथे पैसे न घालता करण्यासारखं बरंच आहे. १०० ऐवजी २५० मिली द्रावण करा. वजन १.५८ ग्रॅम होतं आणि शंका ०.६ टक्क्यावर येते. ठरवलेलं वजन नाही, प्रत्यक्ष भरलेलं वजन लिहा: १.५६ भरलं तर १.५६ आणि मोलॅरिटी त्यावरून. वॉच ग्लासवर राहिलेले कणही धुऊन फ्लास्कमध्ये घ्या. विरघळवायला द्रावण कोमट केलं असेल तर ते खोलीच्या तापमानाला आल्यावरच खुणेपर्यंत भरा. तराजूवर पंख्याचा वारा नको, आणि वजनाआधी शून्य बघायला विसरू नका.

पिपेट १० ऐवजी २५ मिलीची घेतली तर ब्युरेटचं रीडिंगही २५ च्या आसपास जातं आणि तीच ०.१ मिलीची शंका ०.४ टक्का होते. साध्या दर्जाच्या काचेची शंका (१० मिली पिपेटला ०.०४ मिली, १०० मिली फ्लास्कला ०.२ मिली) धरून चारही शंकांचे वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ काढलं तर नेहमीच्या पद्धतीत सुमारे २ टक्के येतात. २५० मिली द्रावण आणि २५ मिली पिपेट घेतली तर १ टक्क्याच्या आत. तराजू तोच, ब्युरेट तीच, मुलंही तीच.

म्हणून १०.३ रीडिंगवरून परमँगनेटची मोलॅरिटी ०.०१९४ लिहावी. लॉग टेबल ०.०१९४२ देतं म्हणून तो शेवटचा २ लिहायचा, हे मला पटत नाही. नेहमीच्या पद्धतीत ०.०१९४ मधला शेवटचा ४ सुद्धा सुमारे चारने कमी-जास्त असू शकतो.

मोहर सॉल्टमध्ये आणखी एक गोष्ट सांभाळा. एका परमँगनेटला पाच फेरस, त्यामुळे ०.०५ मोलरच्या १० मिलीला ०.०२ मोलर परमँगनेट फक्त ५ मिली लागतं. ०.१ मिलीची शंका तिथे २ टक्के होते. ब्युरेटमध्ये ०.०१ मोलर परमँगनेट घ्या.

९. बाटलीतलं रसायन

परमँगनेट वजन करून केलं म्हणून त्याची मोलॅरिटी खरी मानता येत नाही. त्यात मँगॅनीज डायऑक्साइडचा अंश असतो, पाण्यातल्या सेंद्रिय कचऱ्याशी ते अभिक्रिया करतं आणि उजेडात विघटन पावतं. म्हणून तर ते ऑक्झॅलिक ॲसिडशी टायट्रेट करतात. तपकिरी बाटलीत ठेवा आणि गाळायचं असेल तर काचेच्या लोकरीतून गाळा, गाळणकागदातून नाही. मागच्या महिन्यातलं द्रावण असेल तर त्याच्या चिठ्ठीवरच्या आकड्यावर विसंबू नका.

ऑक्झॅलिक ॲसिडच्या स्फटिकांवर पांढरी भुकटी धरली असेल तर स्फटिकातलं पाणी उडालं आहे. पूर्ण कोरडं ॲसिड तेवढ्याच वजनात १.४ पट भरतं, म्हणून रीडिंग वाढतं. मोहर सॉल्ट फिकट हिरवं हवं. पिवळसर-तपकिरी झालं असेल तर काही फेरसचं फेरिक झालं, रीडिंग घटणार. त्याचं द्रावण विरल सल्फ्युरिक घालून करा आणि त्याच दिवशी वापरा.

१०. पिपेट खरी आहे का?

ही तपासणी शिक्षकांनी किंवा लॅब असिस्टंटने करावी. कोरडं छोटं बीकर झाकणासकट वजन करा, त्यात पिपेटने डिस्टिल्ड वॉटर सोडा, पुन्हा वजन करा. २७ अंशांना १० मिली पाणी ९.९५ ते ९.९६ ग्रॅम भरतं. बरोबर १०.०० भरायला हवं असं धरून चांगली पिपेट बाद करू नका. पाच वेळा करून सरासरी ९.९२ ते १०.०० च्या बाहेर गेली तर ती पिपेट टायट्रेशनमधून काढा. टोकाचा टवका उडालेली पिपेट या तपासणीत लगेच सापडते.

रीडिंग जुळवू नका

९.८ आलं आणि बाकीची दोन १०.३, तर ९.८ ठेवायचं की सोडायचं? कारण माहीत असेल, उदाहरणार्थ फ्लास्क थंड होता, तर शेजारी कारण लिहून सोडा. कारण माहीत नसेल तर ते तसंच ठेवा आणि चौथं रीडिंग घ्या. माझी शिक्षकांना मनापासून विनंती आहे की एकसारख्या १०.० ला जास्त गुण देऊ नका. ज्या पोराने १०.२, १०.४, १०.३ लिहून फरक कुठून आला ते सांगितलं, त्याने प्रयोग केला आहे.

कधी थांबायचं, कोणाला बोलवायचं

विद्यार्थ्यांनी पहिल्या सहा तपासण्यांनंतर थांबून शिक्षकांना बोलवावं. अडकलेली चावी जोर लावून फिरवू नका, काच तुटून हातात घुसते. विरल ॲसिड संपलं तर संहत सल्फ्युरिकची बाटली स्वतः उघडू नका. ते पातळ करणं लॅब असिस्टंटचं काम आहे, आणि त्यांनीही ॲसिड पाण्यात सोडायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. अंगावर उडालं तर टायट्रेशन सोडून आधी भरपूर वाहत्या पाण्याने धुवा आणि शिक्षकांना सांगा. डोळ्यात गेलं तर धुवून झाल्यावर लगेच डॉक्टर.

शिक्षकांनी तराजूपाशी थांबावं. शून्य स्थिर राहत नसेल, एकच वजन कोपऱ्यात आणि मध्यभागी ठेवल्यावर वेगळं दिसत असेल, किंवा प्रमाणित वजन ठेवून फरक येत असेल तर तराजू उघडू नका, सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. ब्युरेट किंवा फ्लास्कबद्दलची शंका पाण्याच्या वजनाने मिटत नसेल तर एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या अंशांकन प्रयोगशाळेत (मापं तपासून प्रमाणित करणारी) पाठवा. सगळी काच पाठवायची गरज नाही, तो खर्च कॉलेजला परवडणारही नाही. एक २५ मिली पिपेट आणि एक ५० मिली ब्युरेट प्रमाणपत्रासह करून घ्या, कपाटात वेगळी ठेवा, मुलांच्या हातात देऊ नका, आणि बाकीची काच सत्राच्या सुरुवातीला त्यांच्याशी ताडून बघा.